बलुते, बक्षिसी आणि टीप : हक्क कोणता, मेहेरबानी कोणती?

गेल्या पावसाळ्यात आम्ही अभ्यासवर्गातले अकरा जण कार्ल्याची लेणी पाहून लोणावळ्यात जेवायला थांबलो. बिल आले १८४० रुपये. सगळ्यांनी वर्गणी काढून पैसे ठेवले. मी आणखी दोनशे रुपये बडीशेपेच्या बशीत ठेवले, तसा एक तरुण कार्यकर्ता उसळला. "दादा, हे काय? बाबासाहेबांनी आपल्याला उष्टे-पाष्टे सोडायला सांगितले आणि आपण दुसऱ्याला भीक द्यायची? मालकाने पगार द्यावा. आपण कशाला बक्षीस वाटायचे?"

दुसरी एक ताई म्हणाली, "अरे, तो पोरगा सकाळपासून उभा आहे. शंभर-दोनशेने तुझे तत्त्वज्ञान बुडते का?"

वेटर शेजारीच उभा होता. खाली मान घालून टेबल पुसत होता. आमचा वाद त्याच्याबद्दल होता, पण त्याला कोणी काही विचारत नव्हते.

परतीच्या लोकलमध्ये वाद तळेगावपर्यंत चालला. दोघांचेही अर्धे बरोबर होते, म्हणूनच तो मिटला नाही. टीप द्यायची की नाही, कधी, किती, हा शिष्टाचाराचा किरकोळ प्रश्न वाटतो. पण ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांना श्रमाचा मोबदला मेहेरबानी म्हणून मिळाला, त्या समाजाला हा प्रश्न इतिहासातूनच सोडवावा लागेल.

शब्दांपासून सुरुवात करू

मराठीत वरच्या पैशाला किती शब्द आहेत पाहा. बक्षिसी, खुशाली, इनाम, दिवाळीची पोस्त, चहापाणी, चिरीमिरी. यातला प्रत्येक शब्द देणाऱ्याच्या बाजूने बनलेला आहे. खुशाली म्हणजे देणारा खूश झाला. बक्षिसी म्हणजे देणाऱ्याने बक्षिले. घेणाऱ्याने काम केले, घाम गाळला, हे यातल्या एकाही शब्दात नाही.

आता दुसरा शब्द घ्या, दक्षिणा. पेशवाईत श्रावणात पुण्याला रमणा भरायचा आणि ब्राह्मणांना सरकारी खजिन्यातून दक्षिणा वाटली जायची. तिला कोणी बक्षिसी म्हटले नाही. घेणाऱ्याने वाकायचे नव्हते, उलट देणाऱ्यानेच नमस्कार करायचा होता. म्हणजे पैसा हातातून हातात जातो एवढ्यावरून काही ठरत नाही. वाकायचे कोणी, हे जातीने ठरवले होते. गावकुसाबाहेरच्या माणसाने "जोहार मायबाप" म्हणत भाकरी घ्यायची आणि गावकुसातल्या भटाने आशीर्वाद देत दक्षिणा घ्यायची. घेणे दोघांचेही होते. मान मात्र एकालाच.

येसकर-पाळीची भाकरी

माझी आजी पवन मावळातली. तिच्या लहानपणी घरात येसकर-पाळी यायची. पाळी असली की दिवसभर गावकामाला जायचे. सांगावा पोहोचवायचा, चावडीवर हजर राहायचे, सरकारी माणसाचे ओझे वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे. संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी मागायची. आजी म्हणायची, "पाळी आमची, पण भाकरी त्यांच्या मनाची." कोणी ताजी द्यायचे, कोणी शिळी, कोणी "उद्या ये" म्हणायचे. काम मात्र उद्यावर ढकलता येत नसे.

गावगाड्याचे गोडवे गाणारे सांगतात की बलुतेदारी ही परस्परावलंबनाची सुंदर व्यवस्था होती. सुताराने नांगर द्यायचा, कुणब्याने धान्य द्यायचे. पण माप कोणाच्या हातात होते? खळ्यावर धान्य मोजणाऱ्याच्या. काम ठरलेले आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीचा, ही त्या व्यवस्थेची खरी घडण होती. आणि काम ठरलेले म्हणजे तरी काय? महार वतनदाराच्या कामाला तासांची मर्यादा नव्हती. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. एका माणसाच्या नावाने सगळे घर राबायचे.

१९२८ चे विधेयक काय सांगते?

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद झाली. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना आठवते. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, तुकडे मागून जगणे सोडा, असेही बजावले होते. माझ्या तरुण मित्राच्या मनात होते ते हेच.

पण पुढच्या वर्षी काय झाले तेही पाहिले पाहिजे. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे सरळ होते. महार हा सरकारचा नोकर आहे. काम सरकारचे करतो, पण त्याच्या पोटाचा मोठा भाग रयतेच्या मर्जीवर टाकला आहे. त्यामुळे तो जरा ताठ उभा राहिला, स्वच्छ कपडे घातले, सभेला गेला, की गाव बलुते बंद करते. बलुते हा मोबदला न राहता चाबूक बनला आहे.

यावर त्यांनी मागितले काय? बलुते नुसते बंद करा, असे नाही. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करा, ती जमीन महसुलाबरोबर सरकारने वसूल करावी आणि महारांना द्यावी. कामे कोणती ती ठरवून द्या. ज्याला वतनी चाकरी नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवण्याची आणि चाकरीतून मोकळे होण्याची वाट द्या. म्हणजे मेहेरबानी काढून घ्यायची आणि तिच्या जागी हक्क ठेवायचा. पहिले केले आणि दुसरे केले नाही, तर माणूस उपाशी मरतो, एवढे त्यांना पक्के माहीत होते.

विधेयक सिलेक्ट कमिटीकडे गेले आणि तिथे त्याचा जीव काढून घेतला गेला. १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. लढा मात्र थांबला नाही. १६ डिसेंबर १९३९ ला हरेगावला महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद झाली. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले, तेव्हा बाबासाहेब नव्हते. तीस वर्षे लागली, मित्रहो, "त्यांच्या मनाची भाकरी" कायद्याच्या पुस्तकातून काढायला.

भोर घाटातली मजुरी

आता आपल्या लोणावळ्याकडे या. आज पर्यटक ज्या घाटातून गाडीच्या खिडकीतून धबधबे बघत येतो, तो रेल्वेचा भोर घाट १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला. हजारोंनी मजूर तिथे राबत होते. कित्येक कॉलऱ्याने आणि अपघाताने मेले. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकल्यामुळे तिथल्या मजुरांनी उठाव केला. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, रेल्वे आणि इतर सार्वजनिक बांधकामांवरच्या मजुरांचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटपुढे लवकर निकालात काढण्याचा कायदा झाला. म्हणजे या डोंगरात पर्यटनाचा धंदा उभा राहण्याच्या कितीतरी आधी इथल्या श्रमिकाने एक गोष्ट सांगून ठेवली होती : साहेब खूश आहे की नाही याच्याशी आमच्या मजुरीचा संबंध नाही.

ज्या जी.आय.पी. रेल्वेने हा घाट बांधला, तिच्याच अस्पृश्य कामगारांची परिषद फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे सूत्र त्याच भाषणातले. सूत्र आपल्याला पाठ आहे, पण त्याच भाषणातला एक तपशील आपण विसरतो. अस्पृश्य कामगार आयुष्यभर गँगमन राहतो, त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करायचे असते आणि तिथे त्याचा विटाळ होतो, असे त्यांनी दाखवून दिले. प्रवाशासमोर कोणी यायचे आणि रुळावर कोणी मरायचे, हेही जात ठरवत होती.

हा तपशील आजच्या टीपला लागू पडतो. कसा, ते पुढे सांगतो.

पुलमनचे पोर्टर

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या काळात अमेरिकेत पुलमन कंपनीच्या झोपण्याच्या डब्यांमध्ये हजारो काळे पोर्टर काम करत. गुलामगिरी संपल्यावर कंपनीने मुद्दाम पूर्वीच्या गुलामांना नोकरीत घेतले. पगार अपुरा, बाकीचे गोऱ्या प्रवाशाच्या टीपमधून. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारत नसत. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून सगळे पोर्टर "जॉर्ज". हसत राहायचे, वाकायचे, तेव्हा नाणे पडायचे. गुलामगिरी कायद्याने गेली, पण गुलामाचा चेहरा टीपसाठी टिकवावा लागला.

१९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी युनियन बांधली. टीपवर जगणे नको, जगण्यापुरता पगार हवा, ही त्यांची भूमिका होती. बारा वर्षांच्या लढ्यानंतर १९३७ मध्ये कंपनीला करार करावा लागला. पगार वाढला आणि महिन्याचे कामाचे तास सुमारे ४०० वरून २४० वर आले. आपल्याकडे महार वतनाचा आणि तिकडे पोर्टरांचा लढा एकाच काळात चालला होता, आणि प्रश्नही एकच होता. जोतीरावांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती, ते उगाच नव्हे.

मात्र अमेरिकेतले काम अर्धेच राहिले. तिथे आजही टीप मिळवणाऱ्या कामगाराचे केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेच. इतरांचे ७.२५. उरलेले ग्राहकाच्या टीपमधून भरून निघते, असे कायदाच धरून चालतो. टीपला मोकाट सोडले की ती पगार खाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्यातून १९४८ चा किमान वेतन कायदा आला. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठ बंद केली, अनुच्छेद ४३ ने निर्वाह वेतनाचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात हॉटेलांतल्या आणि उपाहारगृहांतल्या कामगारांना किमान वेतन लागू आहे. अमेरिकेसारखी टीप वेतनात धरण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. "टीप मिळते ना, मग पगार कमी" असे म्हणणारा मालक कायदा मोडत असतो.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटीसी हॉटेलच्या एका करविषयक प्रकरणात सांगितले की टीप हा पगार नाही. ती ग्राहकाकडून येते, मालकाकडून नाही, आणि कामगाराला मालकाकडे टीप मागण्याचा हक्क नसतो. निकाल आयकराचा असला तरी त्यातले सत्य आपल्याला उपयोगी आहे. पगार मागता येतो, टीप मागता येत नाही. येसकराला भाकरी मागावी लागे आणि ती मिळेलच असे नसे. फरक एवढाच, की येसकराकडे दुसरे काही नव्हते, आजच्या वेटरकडे निदान कायदा आहे.

सर्व्हिस चार्जचा गोंधळही समजून घ्या. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितले की हॉटेलने बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावू नये, तो ऐच्छिक आहे. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. हा चार्ज मालकाच्या गल्ल्यात जमा होतो. त्यातले वेटरला किती मिळते, हे बिलावर छापलेले नसते.

मोरीवरची मावशी

कॉलेजात असताना मी शनिवार-रविवारी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात वेटरचे काम केले. मॅनेजर पहिल्याच दिवशी म्हणाला, "पगार कमी आहे, पण सीझनला टीप भरपूर." टीपचा एक डबा होता. रात्री तो फुटायचा तेव्हा आधी फुटलेल्या ग्लासांचे पैसे कापले जात, मग कॅप्टनचा वाटा, मग आमचा. मोरीवर भांडी घासणाऱ्या कातकरी मावशीचा त्यात वाटा नव्हता. संडास धुणाऱ्या माणसाचा नव्हता, तो आपल्याच समाजाचा होता. मी विचारले तर मॅनेजर म्हणाला, "गिऱ्हाईक त्यांना कुठे बघते?"

मनमाडच्या भाषणातला तपशील मला पुढे एम.ए. करताना वाचायला मिळाला आणि मोरी आठवली. टीप जो दिसतो त्याला मिळते. दिसायचे कोणी, हे जात, रंग, भाषा आणि कपडे ठरवतात. म्हणून डोळे मिटून टीप देणे म्हणजे हीच उतरंड पुढे चालवणे. स्वयंपाकघरातल्या घाणीत ज्याचे हात कुजतात, त्याच्यापर्यंत तुमची खुशाली पोहोचतच नाही.

कार्ल्याने दिलेले उत्तर

त्या दिवशी आम्ही ज्या चैत्यगृहात उभे होतो, तिथले लेख आपण नीट वाचत नाही. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले, असा एक लेख आहे. सावकाराचे नाव कोरले जाणे काही नवल नाही. पण दाराशी आणखी एक लेख आहे : धेनुकाकटचा सुतार सामी, याने दाराचे काम केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराचे नाव, बापाच्या आणि गावाच्या नावासह, त्याच दगडात कोरले गेले. या माणसाचा कोणी "जॉर्ज" केला नाही.

आणि तथागतांनी सिगालाला काय सांगितले? दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात मालकाची नोकराप्रती पाच कर्तव्ये दिली आहेत. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारपणात शुश्रूषा करावी. विशेष गोडधोड वाटून खावे. वेळेवर सुट्टी द्यावी. क्रम पाहा. वेतन दुसरे आहे, गोडधोड चौथे. वेतन बुडवून गोडधोड देणाऱ्याने धम्म पाळला असे होत नाही. पण वेतन मिळते म्हणून गोडधोड वाटून खायचे नाही, असेही बुद्ध म्हणत नाहीत. "वाटून" हा शब्द महत्त्वाचा आहे. वरून टाकणे आणि वाटून घेणे यात जेवढे अंतर आहे, तेवढेच बक्षिसी आणि टीप यांच्यात आपण निर्माण करायचे आहे.

मग द्यायची कधी आणि किती?

माझ्या तरुण मित्राला माझे उत्तर असे आहे. टीप बंद करून तू मालकाला धडा शिकवत नाहीस. मालकाचे काही जात नाही, पोराचे दोनशे जातात. पगार वाढवण्याची लढाई न लढता टीप बंद करणे म्हणजे बलुत्याचे रोख वेतन न करता नुसते बलुते बंद करणे. ते १९२८ मध्ये गाव करत होते, बाबासाहेब नव्हे.

आणि त्या ताईला माझे सांगणे असे, की दोनशे देऊन हात झटकता येत नाहीत. म्हणून आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या आहेत.

एक, बसून जेवलो तर बिलाच्या दहा टक्क्यांच्या आसपास द्यायचे. बिलात सर्व्हिस चार्ज असेल तर तो काढून घ्यायला सांगायचे आणि तेवढे पैसे कामगाराच्या हातात द्यायचे. दहा टक्के हा काही नियम नाही, आपला अंदाज आहे. पण आकडा आधी ठरलेला असला की मर्जी संपते. वेटर किती वाकला, किती हसला, "सर" किती वेळा म्हणाला यावर टीप कमी-जास्त करायची नाही. जेवण उशिरा आले, तर तक्रार मालकाकडे करायची. शिक्षा म्हणून टीप कापणे म्हणजे खळ्यावरचे माप पुन्हा हातात घेणे.

दोन, देताना विचारायचे : "यातले मोरीवर आणि सफाईला जाते का?" जात नसेल तर त्यांचे वेगळे द्यायचे. लॉजवर राहिलो तर खोली झाडणाऱ्याला रोज पन्नास रुपये तरी, हातात. बंगला भाड्याने घेतला आणि केअरटेकरच्या बायकोने स्वयंपाक केला, तर तिचे पैसे आधी ठरवायचे आणि तिलाच द्यायचे. ती टीप नव्हे, मजुरी आहे.

तीन, गाडी केली तर ड्रायव्हरचे जेवण आपल्या टेबलावर आणि मुक्काम असेल तर त्याला झोपायला जागा. पावसात गाडीत झोपवून सकाळी पाचशेची नोट देणे हा सरंजामी थाट आहे.

चार, लेण्यांच्या पायऱ्यांवर कणीस, लिंबू-सरबत, करवंदे विकणाऱ्या बाईला टीप नको. तिच्याशी घासाघीस नको, एवढे पुरे. पर्यटक हॉटेलात शंभर टाकतो आणि तिच्याकडे पाच रुपयांसाठी भांडतो, हे आपल्याकडून होऊ नये.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचे : टीप दिली की आपले काम संपत नाही, तिथून सुरू होते. नाव विचारा, पगार विचारा, पगारपत्रक मिळते का, सुट्टी मिळते का विचारा. किमान वेतन मिळत नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयाचा रस्ता दाखवा, सोबत जा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नोटा उधळणाऱ्यांपेक्षा असा एक तक्रारअर्ज लिहून देणारा कार्यकर्ता बाबासाहेबांच्या जास्त जवळचा आहे.

त्या दिवशी मी शेवटी त्या पोराला नाव विचारले. मग विचारले, "हे पैसे तुलाच मिळतात का?" तो आधी काउंटरकडे बघून हळूच म्हणाला, "निम्मे, दादा." मग थोडा थांबून म्हणाला, "पगाराचे कोणी विचारत नाही. तुम्ही पहिले."

माझा तरुण मित्र तेव्हा गप्प होता. पुढच्या आठवड्यात तोच त्या पोराकडे किमान वेतनाच्या दरांचा कागद घेऊन गेला. जाताना चहा प्याला आणि टीप ठेवून आला, असे त्यानेच सांगितले. मी त्याला चिडवले नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!